नाक्यापलीकडचं दुकान

स्टीलवर नाव घालायच्या मशीनचा आवाज तुम्ही ऐकला असेल तर मी काय म्हणते ते लगेच कळेल, आणि ऐकला नसेल तर कितीही सांगून उपयोग नाही. तो कानात जात नाही, दातांत जातो. बारावीनंतरची तीन-चार वर्षं मी त्या आवाजात काढली. दुकानाच्या उंबऱ्याशी गोणपाट टाकून बसायचं, मांडीवर भांडं पालथं घ्यायचं आणि पेनासारखं ते मशीन घट्ट धरून त्याच्या थरथरत्या टोकाने एकेक अक्षर काढत जायचं. संध्याकाळी जेवायला बसले की घास उचलतानाही बोटं झिणझिणत. दुकानाच्या मागच्या खोल्यांत आमचं घर होतं, मधे फक्त एक पडदा. आई पलीकडून ओरडायची, "शकू, थांबव गं ती किरकिर, मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात." माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे आणि मला त्याचा भारी तोरा होता. त्या अक्षराने पुढे काय करून ठेवलं ते सांगावं म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

दुकान होतं दिंडोरी रस्त्याला. शहर संपायचं तिथे पालिकेचा जकात नाका, आणि नाका ओलांडून दोनशे पावलांवर आम्ही. दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, अख्खा रस्ता दादाच म्हणायचा. ते आधी शहरातल्या भांडी बाजारात दुसऱ्याच्या दुकानात पंधरा वर्षं कामाला होते. मग धाडस करून त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, तेही एवढ्या लांब, उसाच्या आणि द्राक्षांच्या मधे. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पण गिऱ्हाईक येत गेलं. पंचवटीतून यायचं, थेट सिडकोतून यायचं, रविवारी तर पाय ठेवायला जागा नसायची. वणीच्या गडावरून परतणारे लोकही एसटीतून उतरून वाट्या-चमचे घेऊन जायचे. दादा म्हणायचे, "माणूस शब्दावर येतं. आपला माल एक नंबर, भाव एक, आन् बोलणं एक." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की आम्हाला ते पाठ झालं होतं. आणि त्यांचं बोलणं खरंच एक होतं, हे मी लेक म्हणून नाही सांगत. पातळ पत्र्याचं पातेलं ते स्वतःहून बाजूला काढायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे नका घेऊ, याचं बूड जळंल."

पण लोक दोनशे पावलं जास्तीची चालून का येतात, हे मला फार लवकर कळलं होतं. शहरात शिरणाऱ्या मालावर पालिका जकात घ्यायची. भांडी बाजारातला व्यापारी नाक्यावर ती भरायचा आणि भांड्याच्या भावात चढवून गिऱ्हाइकाकडून काढून घ्यायचा. आमचा माल मुंबईकडून यायचा तो शहरातून नुसता पार व्हायचा, म्हणून त्याला पास मिळायचा, जकात लागायची नाही. तेवढ्याने आमचा हंडा शहरातल्यापेक्षा स्वस्त पडायचा. आता यात एक मेख होती. इथे घेतलेला हंडा शहरात घरी न्यायचा तर पुन्हा तोच नाका लागायचा, आणि नवा माल म्हटला की तिथे जकात आलीच. मग फायदा काय झाला? तर नवा माल म्हटला की जकात, आणि घरातलं वापरलेलं सामान म्हटलं की नाही. नाव घातलेलं भांडं घरातलंच असतं, हे सगळ्यांना माहीत. कुणा बाईने पहिल्यांदा ही शक्कल काढली देव जाणे, पण मी मशीन हातात घेतलं तेव्हा ती रीत झालेली होती. आमच्या दुकानातून भांडं बिननावाचं कधी बाहेर पडायचं नाही, नाव घालायचे आम्ही पैसेही घेत नव्हतो.

नुसत्या नावावरही भागत नसे. भांड्याची चकाकी बोलते ना. तर तिथे आईचा चिवडा कामाला यायचा. रिकामं भांडं कुणाला देऊ नये ही आपल्याकडची पद्धत, तिला धरून दादांनी सुरुवातीला प्रत्येक डब्यात दोन-चार मुठी चिवडा घालायला सांगितलं होतं. शकुन म्हणून. दर शनिवारी दुपारी आमच्या मागच्या अंगणात मोठी कढई चढायची. आई आधी कांदा उभा चिरून कडक तळून घ्यायची, मग खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता, आणि शेवटी पोहे. हिंग-मोहरीचा वास रस्त्यापर्यंत जायचा आणि एसटीचा कंडक्टरसुद्धा खिडकीतून विचारायचा, झाला का म्हणून. हा चिवडा डब्यात असला की नाक्यावरच्या माणसाने झाकण उघडलं तरी त्याला घरातला डबा दिसायचा. बायका डब्यातला चिवडा घरी पोहोचेपर्यंत हलवायच्या नाहीत.

गंमत अशी की दादांच्या तोंडून 'जकात' हा शब्द मी दुकानात कधी ऐकला नाही. एखादं गिऱ्हाईक बोललंच, "दादा, नाक्यावर काय अडचण नाय ना?" तर दादा ऐकू न आल्यासारखं करून सुतळी शोधायला लागायचे. त्यांच्या लेखी नाव घालणं ही सोय होती आणि चिवडा हा शकुन. आई मात्र बोलल्याशिवाय राहायची नाही. कढईत झारा फिरवता फिरवता म्हणायची, "शकुन तेवढा शहराकडं जाणाऱ्यांनाच. दिंडोरीकडं जाणाऱ्याच्या डब्यात कसा पडत नाय हो तुमचा शकुन?" दादा म्हणायचे, "तुला धंद्यातलं काय कळतं?" आणि पडदा ओढून घ्यायचे. मी तेव्हा हसायचे. आता वाटतं, आईने हे हसण्यावारी न्यायला नको होतं आणि मीही. दादा खोटं बोलत नव्हते, हे अगदी खरं आहे. त्यांच्या वाटचं खोटं आम्ही दोघी करत होतो, एक कढईत आणि एक मशीनवर.

त्या वर्षी नाक्यावर नवा कारकून आला, भालेराव नावाचा. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. आधीचे म्हातारे कारकून खुर्चीतून उठायचे नाहीत, हातानेच जा म्हणायचे. हा उठायचा, रिक्षात वाकून बघायचा, पिशवीत हात घालायचा. आठ दिवसांत त्याची ख्याती आमच्यापर्यंत पोहोचली. दादांनी त्यावर फक्त चिवड्याचं माप वाढवायला सांगितलं.

आणि त्याच दिवसांत हिराबाई आली. हिराबाई पंचवटीत देवळाबाहेर हार विकायची. ती आम्हाला नवी नव्हती, वर्षभर महिन्या-दोन महिन्यांनी येऊन नुसती बघून जायची. हंडा उचलायची, बोटाच्या पेराने वाजवायची, कान लावून ऐकायची आणि जागेवर ठेवायची. दादा कधी तिला घाई करायचे नाहीत. "ठेवा मावशी, वाजवा सगळी, भांडी काय पळून चाललीत?" तिची एकुलती एक लेक मंगल, नवरा लवकर गेलेला. मंगलचं लग्न ठरलं होतं आणि सासरच्यांनी तोंडाने काही मागितलं नव्हतं, पण "भांडी तेवढी मांडवात दिसू द्या" एवढं म्हणाले होते. ज्यांनी हे ऐकलं आहे त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. मांडवात भांडी मांडली नाहीत तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार होतं. लग्नाला चार दिवस उरलेले असताना हिराबाई रिक्षा करून आली आणि वर्षभर वाजवून ठेवलेली भांडी तिने एकामागून एक बाजूला काढायला सुरुवात केली. हंडा, कळशी, परात, पातेल्यांचा संच, पाच डबे. कुठलं भांडं कुठल्या फळीवर आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पातेली बघताना दादांनी एक काढून घेतलं आणि दुसरं दिलं. "हे जाड हाय. पोरीला पुरंल."

मी मशीन पुसून बसले. विचारलं, "मावशी, नाव सासरचं घालायचं ना?"

"सासरचंच घाल. माहेरचं आता काय करायचंय," ती म्हणाली आणि हसली. मग जरा लाजतच पुढे म्हणाली, "आन् पोरी, तारीख पन घाल. मोठ्या लोकांच्या घरात मी बघितलंय, भांड्यावर लग्नाची तारीख असती. लेकीच्या पोराबाळांनी वाचली पायजे."

मी घातली. मनापासून घातली. इतकं सुबक अक्षर मी त्याआधी काढलं नव्हतं. मंगलचं नाव, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फूल, कारण तिची आई फुलं विकते, आणि खाली लग्नाची तारीख. हंड्यावर, कळशीवर, परातीवर, पातेल्यांवर, पाचही डब्यांच्या झाकणांवर. दुपारभर मी मान वर केली नाही. मधे दादा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "झ्याक." त्यांच्याही ध्यानात आलं नाही. आईने डबे भरले, तिनेही झाकणं लावली. तिघांनी तीन वेळा ती तारीख वाचली असेल. रिक्षा निघाली तेव्हा हिराबाई मागे बसून परात दोन्ही हातांनी पोटाशी धरून होती.

अर्धा तास झाला असेल, तोच रिक्षावाला एकटाच पळत आला. "दादा, मावशीला अडवलं. सगळा माल उतरवून घेतलाय." मी विचारलं, नाव होतं की, चिवडा होता की. तो म्हणाला, "नाव वाचूनच तर अडवलं ना. भालेराव म्हनतो, लग्न अजून व्हायचंय आन् संसार कधी केला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चार दिवसांनंतरची तारीख मी माझ्या हाताने प्रत्येक भांड्यावर घालून दिली होती. यापेक्षा भालेरावला पत्र लिहून कळवलं असतं तर बरं. दादांनी चप्पल घातली आणि मीही त्यांच्या मागोमाग निघाले. ते नको म्हणाले नाहीत. ती दोनशे पावलं मला आयुष्यात इतकी लांब कधी वाटली नव्हती.

नाक्याच्या पत्र्याच्या शेडमधे बाकावर भांडी ओळीने मांडलेली होती. पाचही डब्यांची झाकणं काढलेली, पाचहीत तोच चिवडा. शेडभर आमच्या अंगणाचा वास सुटला होता. मला तो वास पहिल्यांदाच नकोसा झाला. हिराबाई खाली जमिनीवर बसली होती. आम्हाला बघून तिने मान हलवली, जशी काही ओळखच नाही, आणि भालेरावला म्हणाली, "साहेब, सांगितलं ना, घरातली हायेत. माझी हायेत. यांना कशाला बोलावलं?"

"मी नाही बोलावलं, मावशी, ते स्वतः आलेत," भालेराव म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मला जास्त भय वाटलं. तो दादांकडे वळला. "तुम्ही ते पुढच्या दुकानाचे ना? बरं झालं आलात. ही बाई म्हणते भांडी घरची आहेत, वापरलेली आहेत. कुठून घेतली ते मघापासून विचारतोय, सांगत नाही. आता तुम्हीच सांगा. तुमची नसतील तर नाही म्हणा, जा. मी जकात आणि दंड दोन्ही हिच्यावर लावतो. दंड जकातीच्या कितीतरी पट होतो, तुम्हाला ठाऊक असेल. भरेपर्यंत माल इथेच राहील."

"आन् माझी असतील तर?" दादांनी विचारलं.

"तर लिहून द्या. माल नवा आहे, तुम्ही विकलाय, नाव तुमच्या दुकानात घातलंय, आणि हा चिवडा तुमचा आहे. मग दंड तुमच्या नावावर. माझं काय, मला पावती फाडायची आहे. पण एक सांगतो दादा, ते लिहून दिलंत की उद्यापासून तुमच्या दुकानातून आलेल्या एकाही भांड्याला मी नाव बघून सोडणार नाही. नाहीतर माझीच नोकरी जाईल."

हिराबाई खालून म्हणाली, "नाय, नाय. त्यांचं काय नाय यात." तिला कळत होतं की ती हे म्हणाली तर भांडी मांडवात जाणार नाहीत. तरी म्हणत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

दादांनी बाकावरचं एक झाकण उचललं, माझं अक्षर असलेलं. बराच वेळ ते त्यावर अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं आता ते सुतळी शोधायला लागतील. पण त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि भालेरावकडे पेन मागितलं. "लिहा म्हणाल तसं लिहितो," ते म्हणाले, "फक्त एक घालू द्या. पोरीनं तारीख घातली ती सांगितली म्हणून घातली. तिचा दोष नाय." त्यांना लिहायला फार वेळ लागला, त्यांचं अक्षर माझ्यासारखं नव्हतं. मग त्यांनी मला घरी पिटाळलं. आईने पुढच्या मालासाठी बाजूला ठेवलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. जकात आणि दंड, दोन्ही भरून दोन पावत्या घेऊन आम्ही हिराबाईची रिक्षा पुन्हा भरून दिली. चिवडा मात्र दादांनी पाचही डब्यांतून काढून नाक्यावरच्या कागदावर ओतला. भालेराव म्हणाला, राहू द्या की. दादा म्हणाले, "नाय. आता डबे रिकामेच जाऊ दे."

येताना अर्ध्या वाटेवर ते थांबले. डाव्या हाताला द्राक्षांचा मांडव होता, तिकडे बघत म्हणाले, "शकू, आपण इतकी वर्सं काय विकत होतो गं? भांडी का जकात?" मी म्हटलं, "दादा, पातेलं तुम्ही जाड दिलंत ना." ते म्हणाले, "ते दिलं." तेवढंच. घरी आल्यावर ते न जेवता झोपले, आणि आईने शनिवारच्या चिवड्यासाठी आणलेले पोहे डब्यात भरून वरच्या फळीवर टाकले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं नाट्य काही नाही, नुसती ओढाताण आहे. दुसऱ्या दिवसापासून दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगायला लागले, पुढे नाक्यावर जकात भरावी लागेल, बिल घेऊन जा. महिन्याभरात रविवारची गर्दी ओसरली. शब्दावर येणारी माणसं किती आणि जकातीवर येणारी किती, ते आमच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं झालं. दादांना ते फार लागलं. मग जी काही थोडी माणसं यायची त्यांच्याशी घासाघीस सुरू झाली. ती म्हणायची, जकात तुम्ही सोसा. दादा म्हणायचे, तुम्ही सोसा. शेवटी अर्धीअर्धी. पण त्या अर्ध्यातही एक तऱ्हा होती ती मला मशीनवर बसून दिसायची. हंडा-कळशी घेणारी माणसं जकात निमूट भरायची, कारण लग्न पुढच्या आठवड्यात असायचं, मांडव काही थांबणार नव्हता. आणि गाळणी घ्यायला आलेली बाई जकातीचं नाव काढलं की गाळणी जागेवर ठेवायची, घरची फाटकी अजून महिनाभर चालेल म्हणून. मग दादा तिच्यासाठी भाव उतरवायचे. म्हणजे हंड्याची जकात गिऱ्हाईक भरायचं आणि गाळणीची आम्ही. पावती कुणाच्या का नावाने फाटेना, ज्याला थांबता येत नाही त्याच्या खिशातून ती जाते, एवढं मी तेव्हा शिकले. पुढे कॉलेजात अर्थशास्त्राच्या बाईंनी हेच फळ्यावर दोन रेषा काढून शिकवलं, तेव्हा मी वर्गात एकटीच हसले आणि त्यांनी मला उभं केलं.

दुकान बंद पडलं नाही, पण बारीक झालं. तेवढ्यावर आमचं भागलं. आता तर नाकाही नाही. जकात गेली, तिच्या जागी दुसरं काही आलं, तेही गेलं, तिसरं आलं. पत्र्याच्या त्या शेडमधे हल्ली उसाचा रस मिळतो. जकात उठली त्या आठवड्यात मी मुद्दाम भांडी बाजारात जाऊन हंड्याचा भाव विचारला होता. होता तोच होता. दुकानदाराला म्हटलं, "अहो, जकात गेली ना, मग उतरवा की." तो म्हणाला, "बाई, चढताना कुणी विचारत नाही, उतरताना मात्र सगळे येतात." मला राग आला आणि मी हंडा न घेता परत आले. घरात तीन हंडे आहेत, मला थांबता येत होतं.

पण हिराबाईचं राहिलंच. मंगलचं लग्न ठरल्या तारखेला झालं. आम्हाला बोलावणं होतं, दादा गेले नाहीत, आणि ते गेले नाहीत म्हणून आम्हीही नाही. आठवड्याभराने दुपारी मी उंबऱ्याशी बसले होते, काम काही नव्हतं, तर नाक्याकडून हिराबाई चालत येताना दिसली. काखेत डबा. पाचांतला सगळ्यात मोठा. दादांनी तिला बघितलं आणि उगाच फळीवरची भांडी पुसायला घेतली. तिने डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. बुंदीचे लाडू होते.

"लग्नाचे हायेत. रिकामा कसा आनायचा," ती म्हणाली. मग कमरेची पिशवी काढून त्यातल्या नोटा डब्याशेजारी ठेवल्या. "आन् ही जकात."

"नाय हिराबाई, ते नका करू," दादा म्हणाले. "चूक आमची होती."

"चूक तुमचीच होती," हिराबाई म्हणाली. इतकं सरळ तोंडावर दादांना कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "म्हनून दंड तुमचा. त्यातला एक पैसा मी देनार नाय, मागू पन नका. पन जकात माझी. भांडी माझी पोर वापरनार, मग जकात तुम्ही का भरायची? देवळापुढं टोपली ठेवते तर रोज पालिकेची पावती फाडते मी. ती हाराच्या भावात चढवली तर गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडं जातं, म्हनून पदरची भरते. पन भरते. कुनी म्हनू नये हिरानं फुकटची जागा घेतली." थोडं थांबून तिने आवाज उतरवला. "नाव कशाला घालून न्यायचं ते मलाबी कळत होतं दादा. मीबी गप ऱ्हायले. ते माझं."

दादांनी फडकं खांद्यावर टाकलं, हात धोतराला पुसले आणि त्या नोटा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावल्या. मग डब्यातला एक लाडू उचलून तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. नाक्यावरच्या त्या दिवसानंतर दादांना चवीने खाताना मी पहिल्यांदा बघितलं. पडद्यामागून आई आली होती. तिने लाडू आमच्या पातेल्यात काढून घेतले, डबा आत नेला, वरच्या फळीवरचे पोहे खाली काढले आणि कढई चढवली. हिराबाईला तासभर बसवून घेतलं. कांदा तळायचा वास मला अजून नकोसा होता, पण आईला काही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. डबा गरम चिवड्याने भरून तिने हिराबाईच्या हातात दिला.

मी तिला सोडायला नाक्यापर्यंत गेले. भालेराव बाहेरच उभा होता. हिराबाईने न सांगताच डबा पुढे केला. त्याने झाकण उघडलं, चिमूटभर चिवडा घेऊन तोंडात टाकला आणि हातातलं झाकण उलटं करून वाचलं. मंगलचं नाव, दोन बाजूंना दोन फुलं आणि खाली तारीख.

"झालं लग्न?" त्याने विचारलं.

"झालं की."

"मग आता घरातला डबा," असं म्हणून त्याने झाकण नीट दाबून लावलं आणि नाक्याचा आडवा बांबू वर केला.